डाव्या पाट्यावरचं वजन

गुलाबसिंग ड्रायव्हर तुमच्यातल्या कुणी पाहिलेला नाही. हिंगोलीच्या स्टेशनाबाहेर लिंबाखाली त्याची मोटार उभी असायची. तिकडे जर्मनची लढाई चाललेली, इकडे पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, त्या दिवसांत त्या मोटारीला सेनगावपासून कुरुंद्यापर्यंतचा मुलूख ओळखायचा. कारण ती नुसती मोटार नव्हती, ते त्याचं घर होतं.

रान मोजत हिंडणारा एक गोरा साहेब होता. त्यानं लॉरीच्या सांगाड्यावर लाकडाची खोली बांधून घेतली होती. आत डाव्या अंगाला निजायची फळी, भिंतीत कपाट, मागं दार, अन् ड्रायव्हरच्या पाठीशी एक झडपेची खिडकी. विलायतेला जाताना त्यानं ती मोटार आपल्या ड्रायव्हरला देऊन टाकली. गुलाबसिंग तांड्यावरचा. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहून मुलूख पालथा घातलेला. तांड्यावरची माणसं चेष्टा करायची, "गुलाबसिंगनं आज्याचाच धंदा धरला, निस्ते बैल बदलले." तो हसायचा. बायको रूपाबाई अन् तो, दोघं त्या मोटारीतच रांधायचे, मोटारीतच निजायचे, अन् ह्या बाजाराचा माल त्या बाजाराला पोचवायचे.

ही गोष्ट भोगीच्या रातीची. त्रेचाळीस सालची संक्रांत गुरुवारी होती, तिच्या आदल्या दिवशी भोगी, बुधवार. थंडी अशी की जनावरंसुद्धा गोठ्यात एकमेकांना चिकटून उभी.

त्या दिवशी काम अगदी साधं होतं. हिंगोलीच्या कुंभाराची सुगडी साखऱ्याला पोचवायची. संक्रांतीला बायका ओवसायला सुगडी घेतात, त्यामुळं उशीर चालत नाही. गवतात नीट रचून सगळी सुगडी गुलाबसिंगनं दुपारी साखऱ्याला उतरवली. पण वाटभर मोटारीच्या मागच्या डाव्या अंगाला खाड् खाड् आवाज येत होता.

"सुगडी साबूत हायती," रूपाबाई खाली उतरत म्हणाली. तिला नववा महिना सरत आलेला. "माझीच हाडं फुटली. तुमच्या मोटारीला बायकू नको, मडकीच बराबर."

"उद्या बघतो," गुलाबसिंग म्हणाला.

हे उद्या तो महिनाभर म्हणत आला होता. मोटार चाकावर तोलून धरायला लोखंडी पट्ट्यांचा एक जुडगा असतो, त्याला पाटा म्हणतात. पाट्याच्या टोकाला गोल कान, कानात जाड खिळा, अन् खिळा-कानाच्या मधी पितळेची नळी, तिला बुश म्हणतात. बुश झिजला की लोखंडावर लोखंड आपटतं अन् रस्त्यावरचा खड्डा जसाच्या तसा आत माणसाच्या मणक्याला जाऊन भिडतो. डाव्या पाट्याचा बुश झिजून पार भुगा झाला होता. नवा कुठून आणायचा? सगळं पितळ लढाईत काडतुसांना चाललेलं. तो चामड्याचे तुकडे कोंबून दिवस ढकलत होता.

दिवेलागणीला रूपाबाईला कळा सुरू झाल्या.

साखऱ्याची सुईण सखुबाई, मोठ्या हिमतीची बाई. सगळ्या गावाची बाळंतपणं तिच्या हातावर झालेली. ती मोटारीत चढली, बराच वेळ हातानं पोट चाचपत बसली, अन् उतरली तेव्हा तिच्या तोंडावर रोजचं हसू नव्हतं.

"लेकरू आडवं हाय, गुलाबसिंग. माझ्या हातचं न्हाई हे. हिंगोलीच्या दवाखान्यात ने. उजाडायच्या आत."

"बैलगाडीनं?"

"गाडीनं उद्याची दुपार होईल. तवर…" तिनं मागच्या डाव्या चाकाकडं हात केला. "अन् ह्या मोटारीनं नेतो म्हणशील तर आधी तो आवाज बंद कर. तसले दहा दणके बसले की बाई हातची जाईल."

मग तिनं अडलेल्या बाईचं जे करतात ते केलं. अडलेल्या बाईच्या अंगावर बांधलेलं, गुंतवलेलं, अडकवलेलं काही ठेवत नाहीत. केस सोडले. घागऱ्याची गाठ सैल केली. बांगड्या उतरवल्या. भिंतीतल्या कपाटाची कडीसुद्धा काढली. राहिला डाव्या पायातला वाळा.

तो वाळा पितळेचा होता, भरीव, बोटाएवढा जाड. अन् तो रूपाबाईचा नव्हता. गुलाबसिंगची पहिली बायको मिराबाई, तिचा. ती बाळंतपणातच गेली होती, लेकरासकट, तांड्यावर. गुलाबसिंग तेव्हा साहेबाबरोबर लांब जालन्याकडं होता. परत आला तो राख पाहायलाच. पुढं रूपाबाईशी लग्न झालं तेव्हा रीतीप्रमाणं पहिलीचा एक डागिना दुसरीच्या अंगावर घातला. दुसरीनं तो काढायचा नाही. सणावाराला जेवताना पहिला घास त्याला दाखवायचा, मग आपल्या तोंडात. मेलेली सवत मग मानानं राहते, संसारात हात घालत नाही, असं म्हणतात. रूपाबाईनं कधी घास चुकवला नव्हता. तिला त्या वाळ्याशी बोलायचीही सवय होती. "चला मिराताई, निजू या," असं म्हणून पाय वर घ्यायची.

सुजलेल्या पायातून सखुबाईनं एरंडेल लावून तो वाळा सोडवला अन् गुलाबसिंगच्या हातात दिला.

"नीट ठीव. बाळंतीण सुटली की पुन्हा त्याच पायात घालायचा. इसरू नको."

त्यानं तो कमरेशी धोतराच्या केळात खोचला अन् ग्यानबा लोहाराकडं पळाला.

ग्यानबानं भाता पेटवला. लोखंडाचा बुश चालत नाही, खिळ्याला धरून बसतो. गुलाबसिंगनं घरातला पितळी तांब्या दिला. तो तापवून ठोकला, तर पत्रा पातळ, दुसऱ्याच घावाला चिरला. दुसरं भांडं पाहिलं, तेही तसंच. तिकडून मोटारीतून रूपाबाईचा आवाज येत होता. आधी ओरडणं होतं, मग नुसतं कण्हणं राहिलं.

"जाड पितळ पायजे रे," ग्यानबा घाम पुसत म्हणाला. "भरीव. असं कुठं…"

गुलाबसिंगचा हात आपसूक केळाकडं गेला.

तो थांबला. खरं सांगतो, तो थांबला होता. मग पुन्हा ते कण्हणं ऐकू आलं.

ग्यानबानं वाळा हातात घेऊन तोलला. "बेस पितळ हाय की. कुणाचं?"

"जुनं हाय," गुलाबसिंग म्हणाला. "पडून व्हतं."

पितळ लाल झालं. ठोकून त्याची पट्टी झाली, पट्टी खिळ्याभोवती वळून नळी झाली. गुलाबसिंगनं ओंडक्यावर मोटार उचलून धरलेली, तिच्याखाली तो पाठीवर निजून शिरला, अन् कंदिलाच्या उजेडात, एरंडेल लावून, पाट्याच्या कानात ती नळी ठोकून बसवली. अशी बसली की जणू तिथलीच. खिळा हलेना. आवाज संपला.

त्यानं देवाचं नाव घेतलं अन् ओंडका काढला. मोटार खाली आली.

अन् डावीकडं कलली.

आता नीट ऐका. त्या मोटारीत तो बारा महिने निजलेला माणूस. रूपाबाई एकटी फळीवर असली की पाटा किती दबतो, दोघं असले की किती, हे त्याला न बघता कंबरेला कळायचं. आत रूपाबाई एकटी होती. सखुबाई अजून खालीच उभी, डोक्याला फडकं बांधत होती. अन् पाटा दोघींचा दबला होता.

नवं पितळ आहे, बसेल जागेवर, असं त्यानं मनाला सांगितलं. सखुबाई चढली. पाटा आणखी दबला. मोटार निघाली.

चंद्र अर्धा होता, पश्चिमेला उतरलेला. मोटारीचा एकच दिवा चालायचा. गाडीवाट खड्ड्याखड्ड्यांची, पण मोटार चालत होती पाण्यावरून होडी जावी तशी. एक दणका नाही. गुलाबसिंगला जरा धीर आला. झडपेतून सखुबाईचा आवाज येत होता, "दम धर बाई, दम धर." सेनगाव मागं पडलं. चंद्र मावळला.

पुसेगावच्या अलीकडं एक ओढा आहे. तिथं सखुबाईचा आवाज बंद झाला.

थोड्या वेळानं झडपेवर थाप पडली. मग थापांवर थापा.

"थांबीव! गुलाबसिंग, थांबीव!"

त्यानं मोटार उभी केली. मागचं दार उघडलं, सखुबाई जवळजवळ पडतच खाली आली अन् त्याचा दंड धरून उभी राहिली. असली धीराची बाई.

"काय झालं? रूपा…?"

"हाय. जित्ती हाय."

"मग उतरलीस काहून?"

"मी न्हाई चढत आता."

"सखुबाई, पाया पडतो. दवाखाना आता लांब न्हाई. तिच्यापाशी कुणी नको का?"

सखुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. आवाज इतका बारीक केला की त्याला वाकावं लागलं.

"हाय तिच्यापाशी."

"कोण?"

"दिवा गेला आतला. मी चाचपत चाचपत तिच्या उशाला बसाया गेले… तर तिथं जागा न्हाई, लेका. कुणीतरी बसलंय."

एवढं बोलून ती पदर डोक्यावरून घेऊन पुसेगावच्या अंगाला चालू लागली. हाक मारली तरी मागं वळली नाही.

गुलाबसिंगनं मोटारीकडं पाहिलं. एक बाई उतरली होती. पाटा तसूभरही वर आला नव्हता.

तेव्हा त्याला कळलं. ज्या पायात ती मानानं राहिली होती, तिथून तिला काढून त्यानं मोटारीच्या पाट्यात ठोकलं होतं. घणाखाली. आगीतून. अन् कुणाचं म्हणून विचारलं, तर पडून व्हतं म्हणाला होता.

आतून रूपाबाईचा आवाज आला. बोलत होती कुणाशी तरी. हळू. मग त्याला हाक मारली.

"आवं…"

तो दारापाशी गेला. आत काळोख. पाऊल आत पडेना.

"रूपा. हाय मी."

"ही बाई… तुमची कोण?"

"…कोण बाई?"

"माझं डोकं मांडीवर घेतलंय. हात… लई गार हायेत." मग कळ आली. तिच्या तोंडून आवाजसुद्धा फुटला नाही, नुसता श्वास अडकला. कळ गेली. "बोलत न्हाई ती. इचारलं तरी… बोलत न्हाई."

गुलाबसिंग मागं सरला. पाना घेतला. कंदील पेटवायला काडी ओढली, ती विझली. दुसरी, विझली. वारा नव्हता. अंधारातच तो मोटारीखाली शिरला. खिळा काढायचा, ते पितळ उपटून ओढ्यात फेकायचं, मग काय व्हायचं ते होवो. पाना खिळ्याच्या नटाला लागला. एक आटा फिरला…

वर रूपाबाई किंचाळली.

त्याचा हात थांबला. बुश काढला तर मोटार इथून हलत नाही. ह्या रानात, आडव्या लेकरासकट, रूपा इथंच जाणार. नाही काढला तर ती बसलेली आहेच, उशाशी, रूपाचं डोकं मांडीवर घेऊन. दोन्हीकडून जाणार ती रूपाच.

त्यानं आटा परत आवळला. पाट्याला कपाळ टेकलं. लोखंड बर्फासारखं गार. अन् तो माणूस, ज्यानं मिराबाईच्या मरणानंतर कुणासमोर डोळ्यातून पाणी काढलं नव्हतं, तो तिथं मातीत पडून रडला.

"मिरे… तवा मी न्हवतो. मला ठावं हाय. तू वाट बघितली. काढ, माझ्यावर काढ. हिनं तुझं काय केलं? हिनं तर तुला घास दिला गं… रोज बोलली तुझ्याशी… मिरे…"



पाटा हळूच करकरला. अन् आणखी खाली आला. त्याच्या कपाळावर लोखंडाचा दाब आला, जसं कुणी वर सरकून नीट मांडी घालून बसावं.

तो कसाबसा बाहेर निघाला. चाकामागं बसला. मोटार सुरू झाली.

आता वाट दिसत नव्हती, एक दिवा काय दाखवणार. मोटार डावीकडं अशी ओढत होती की त्याला दोन्ही हातांनी चाक उजवीकडं धरून ठेवावं लागत होतं. मागचं डावं टायर वरच्या पत्र्याला घासू लागलं. रबर जळाल्याचा वास आला. तो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा निघायची हिंमत झाली नसती.

झडपेतून आवाज येत होते. रूपाचं कण्हणं. अन् मधून मधून… थप. थप. थप. लेकराला निजवताना पाठीवर हात मारतात ना, तसं.

"रूपा!"

कण्हणं.

"रूपा, बोल गं!"

"…तुमी चालवा." एवढंच.

मग तेही नाही.

कयाधूचा उतार आला. नदीला तेव्हा गुडघाभर पाणी. मोटार पाण्यात उतरली, अन् मधोमध असताना आतले सगळे आवाज बंद झाले. कण्हणं नाही. थोपटणं नाही. नुसतं पाणी.

त्यानं हाक मारली नाही. हाक मारली अन् ओ आली नाही तर… तो तसाच बसला, दात आवळून, मोटार चढवत.

पलीकडच्या काठावर आला अन् पाटा सुटला.

एकदम. कंबरेला कळलं त्याला. डावं अंग हलकं झालं, वर आलं. इतकं वर आलं की तिथं आता एक माणूसही निजलंय की नाही, अशी शंका यावी. रिकाम्या मोटारीसारखं.

त्यापुढची वाट त्यानं कशी काढली ते तो पुढं कधी सांगू शकला नाही. डोळ्यांपुढं रस्ता नव्हता, एवढं म्हणायचा. नेली. दोघांना नेलं तिनं. हेच डोक्यात.

दवाखान्याच्या दारात मोटार उभी राहिली तेव्हा पूर्वेला जरा फटफटलं होतं. तो उतरला नाही. चौकीदार आला, कंदील वर करून विचारलं, "क्या है? कौन है अंदर?" गुलाबसिंगनं बोटानं मागं दाखवलं. चौकीदारानंच दार उघडलं.

अन् आत लेकरू रडलं.

नर्सबाई धावत आली. रूपाबाई फळीवर उताणी पडलेली, शुद्ध नाही, पण छाती हलत होती. कुशीत ओढणीत गुंडाळलेलं पोरगं. पुसलेलं, स्वच्छ. ओढणीचं टोक लेकराच्या कानावरून आत खोचलेलं, थंडी लागू नये म्हणून आया खोचतात तसं. दोघांना उचलून आत नेलं. डॉक्टर आले. आडवं लेकरू आपसूक कसं वळलं म्हणून त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं, पण बाई जगणार होती, पोरगं जगणार होतं, अन् त्यांना दुसरे आजारी होते.

सूर्य वर आला, संक्रांतीचा, तेव्हा रूपाबाईनं डोळे उघडले. गुलाबसिंग पायाशी बसलेला. तिनं आधी लेकराकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"उतरली का ती?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

तेवढ्यात नर्सबाई आली. तिच्या हातात कापसाच्या बोळ्यावर काहीतरी होतं. जरा रागातच होती ती.

"लेकराची नाळ कुणी बांधली ओ? बरोबर सुईण होती का?"

"न्हाई… ती आधीच उतरली व्हती."

"मग हे असलं बांधतात का? मी कापून नवा दोरा बांधला." तिनं बोळा पुढं केला.

नाळ दोऱ्यानं बांधलेली नव्हती. केसांनी बांधलेली होती. सात-आठ केस एकत्र घेऊन, घट्ट पीळ देऊन, दोन गाठी मारलेल्या. केस लांब होते, कमरेपर्यंत येतील एवढे. अजून ओलसर होते, अन् त्यांना तिळाचा वास होता, भोगीला बाया तीळ लावून डोक्यावरून न्हातात तसा.

गुलाबसिंगनं ते बोटांवर घेतले. खिडकीपाशी गेला. उजेडात धरले.

रूपाबाईचे केस काळे. सखुबाईच्या डोक्यात तेव्हा एक पांढरा नव्हता. अन् मिराबाई गेली तेव्हा वीस वर्षांची होती.

ते केस पांढरे होते. मुळापासून टोकापर्यंत, म्हाताऱ्या बाईचे असतात तसे, वाट बघून बघून पिकलेले.